उलटा हात

झटका म्हणावा इतकंही ते नव्हतं. संध्याकाळी कामावरून आले, विजेवरची स्कूटर जागेवर लावली आणि पर्समधली किल्ली शोधताना मनगट पार्किंगमधल्या चार्जिंगच्या लोखंडी पेटीला टेकलं. मनगटापासून कोपरापर्यंत मुंग्यांची एक रांग धावत गेली. फरशी नुकतीच धुतलेली होती, माझ्या चपला ओल्या होत्या. मी हात मागे घेतला, मग मुद्दाम पुन्हा टेकवला, या वेळी उलटा. पुन्हा मुंग्या. वीज पेटीच्या अंगात आली होती, थोडी का होईना. पण मी घाबरले ती विजेमुळे नव्हे. क्षणापूर्वीच माझ्या डोळ्यांदेखत आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याच पेटीवर त्याच जागी आपला उलटा हात ठेवला होता, नेहमीसारखा सावकाश, वैद्याने नाडी बघावी तसा, आणि म्हणाले होते, "ठीक आहे." मी थबकलेली बघून त्यांनी विचारलं, "काय गं, काय झालं?" आणि मी तोंड उघडायच्या आत पुन्हा हात लावला. पायात त्यांच्या चपलाही नव्हत्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. पापणीसुद्धा हलली नाही. "ठीक तर आहे," ते म्हणाले.

मी भिंतीवरचा मोठा स्विच खाली पाडला. "कंपनीची सूचना आलीय," मी म्हणाले, "उद्या तपासणी आहे, तोवर बंद ठेवा म्हणालेत." थापा मारणाऱ्यांना पकडण्यात माझी हयात चालली आहे, त्यामुळे थाप कशी मारावी हे मला चांगलं ठाऊक आहे. आप्पांना ती पटली. त्यांना काळजी पडली ती वेगळीच. त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांत शेजाऱ्यांच्या गाड्यांच्या किल्ल्या अडकवलेल्या होत्या. तळमजल्यावरच्या मास्तरांची, वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंची, आणखी एकदोन. "नर्सबाईंना पहाटे निघायचं असतं गं," ते म्हणाले, "त्यांची तरी लावू दे." मी म्हटलं, त्यांना मी माझ्या गाडीवरून सोडीन. ते एकेक किल्ली परत द्यायला निघाले आणि मी तिथेच बंद पेटीकडे बघत उभी राहिले. पेटी राखाडी रंगाची, अंगाने नवी, पोटावर मॉडेलच्या नावाची पट्टी. ती पट्टी मला तोंडपाठ होती. तिचे कागद माझ्याच टेबलावरून गेले होते.

माझं काम विजेचं नाही, विजेच्या कागदांचं आहे. गाड्या चार्ज करायची यंत्रं बाजारात येण्याआधी त्यांच्या सुरक्षिततेची कागदपत्रं आमच्या कार्यालयात येतात, आणि ती खरी आहेत का, पुरी आहेत का, एकमेकांशी जुळतात का, हे बघायला मी बसलेली असते. प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल, आतल्या जोडणीचा नकाशा, सगळ्या बाजूंनी काढलेले फोटो, वापरणाऱ्यासाठी माहितीपुस्तिका. अहवालात मॉडेलच्या नावाला एक शेपूट असतं, पट्टीवर ते गळालेलं असतं. फोटोतलं झाकण डावीकडे उघडतं, नकाशातलं उजवीकडे. लोक म्हणतात, एवढंसं तर आहे. मला त्या एवढ्याशाचाच पगार मिळतो. कार्यालयात मला चाळणी म्हणतात, माझ्यासमोरच म्हणतात, आणि मला ते आवडतं हे त्यांना माहीत आहे. एकदा मी एक फाइल परत पाठवली, कारण अर्थिंगची तार ज्या स्क्रूला बांधली होती तोच स्क्रू झाकणही धरून होता. साहेब म्हणाले, "अहो, स्क्रूच तो. दोन कामं केली तर दमणार आहे का?" मी म्हटलं, "साहेब, झाकण उघडायला कोणी तो सैल केला, की अर्थिंग गेलं." साहेबांनी हात जोडले आणि सही केली. हे मला कॉलेजात शिकवलं नव्हतं. आप्पांनी शिकवलं होतं, मी फ्रॉक घालत होते तेव्हा, फरशीवर खडूने एक उभी रेघ आणि तिच्या पायाशी लहान लहान होत जाणाऱ्या तीन आडव्या रेघा काढून. "ही खूण दिसली की समजायचं," ते म्हणाले होते, "इथून वीज मुकाट्याने जमिनीत जाते. माणसाच्या वाटेला जात नाही."

आप्पा कारखान्यात वायरमन होते. उलटा हात ही त्यांच्या धंद्यातली रीत. लोखंडाला तळहात लावायचा नाही. त्यात वीज असली तर मूठ मिटते आणि धरलेलं सुटत नाही. बोटांची मागची बाजू लावायची, म्हणजे हात आपोआप उडून मागे येतो. खरं तर टेस्टर लावायचा असतो आणि तो त्यांच्या खिशात कायम असायचा, पण टेस्टरने बघून झाल्यावरही आप्पा हात लावत, आणि त्यांनी हात लावल्याशिवाय त्यांच्या टोळीतला कोणी यंत्राला शिवत नसे. ती सवय घरात आली. आमच्या घरात प्रत्येक गोष्टीला आधी आप्पांचा उलटा हात लागायचा. इस्त्रीला, दुधाच्या पातेल्याला, माझ्या अंघोळीच्या पाण्याला. मला ताप आला की आई तळहात लावायची आणि घाबरायची, आप्पा बोटांची पाठ कपाळावर ठेवून जरा वेळ तंद्रीत जायचे आणि सांगायचे, "बारीक आहे. उतरेल." मग तो उतरायचाच. मला वाटायचं, ताप आप्पांना घाबरतो. माझं लग्न ठरलं तेव्हा आई माझ्या नवऱ्याला म्हणाली होती, "जपून हो, तुम्हालाही आधी उलटा हात लावून बघितलेलं आहे." तो बिचारा आजही पाया पडून उठताना जरा बिचकतो. आणि आई गेली त्या दुपारी, सगळे रडत होते, आप्पा तेवढे पुढे झाले आणि त्यांनी तिच्या गालाला बोटांची पाठ लावली. नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ. मग हात काढून घेतला, आणि पहिल्यांदाच काही बोलले नाहीत.

त्या संध्याकाळी वर आल्यावर मी चहा ठेवला आणि त्यांच्या हाताकडे चोरून बघत बसले. जाड सांधे, नखांच्या कडांना जुना काळेपणा, आणि मधल्या बोटाच्या पेरावर एक गुलाबी डाग. तो भाजल्याचा होता. मागे मी विचारलं होतं तेव्हा म्हणाले होते, "कुठेतरी घासलं असेल." मी मान्य केलं होतं. कपात चहा ओतल्याबरोबर ते कप हातात घेतात आणि मी म्हणते, "आप्पा, जीभ भाजेल, जरा थांबा." जिभेचं मला सुचायचं. बोटांचं सुचलं नव्हतं. शर्टाची बटणं लावायला त्यांना हल्ली वेळ लागतो, ते मी म्हातारपणाच्या खात्यात टाकलं. मधुमेहाची गोळी ते जेवणाआधी घेतात आणि त्याने पाय बधिर होतात म्हणून डॉक्टर दर वेळी पायांना टाचणी टोचून विचारतात, कळतंय का. आप्पा म्हणतात, कळतंय की. पायांना टोचतात म्हणून मीही पायांचीच काळजी केली. दुसऱ्यांच्या कागदातला स्वल्पविराम मला दिसतो आणि माझ्या स्वयंपाकघरातला माणूस बोटाबोटाने विझत चालला तो दिसला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मला रडू आलं, पण रडले असते तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून मी साखरेचा डबा आवरायला घेतला.

कारण सांगायचं कसं, हाच तर प्रश्न होता. आई गेल्यावर आप्पा आमच्याकडे आले ते एक पिशवी आणि टेस्टर घेऊन. सुरुवातीला दिवसभर खिडकीत बसायचे. पाहुण्यासारखे वागायचे, पाणीसुद्धा विचारून प्यायचे, आणि त्याने माझा जीव तुटायचा. मग सोसायटीने पार्किंगमध्ये ही पेटी बसवली. पहिल्या दिवशी मी गाडी लावताना ते सहज खाली आले, पेटीला हात लावला, प्लग घातला, दिवा हिरवा झाल्याची खात्री करून घेतली. दुसऱ्या दिवशी मी यायच्या आधीच खाली हजर. मग मास्तर म्हणाले, "आप्पा, आमचीही लावाल का?" मग नर्सबाई म्हणाल्या. बघता बघता कोणाची गाडी आधी, कोणाची नंतर, कोणाची किती भरली, हे सगळं आप्पांकडे आलं. माणूस खिडकीतून उठला. जेवायला बसल्यावर घाई करू लागला, "मास्तरांची झाली असेल, बदलून येतो." नवरा त्यांना पॉवरहाऊस म्हणतो आणि ते लटके रागावतात. आता मी काय सांगणार होते? आप्पा, तुमचा हात गेला, किल्ल्या द्या? पुन्हा खिडकी? आणि नाही सांगावं तर हा माणूस रोज अनवाणी खाली जाणार, वीज असलेल्या लोखंडावर हात ठेवणार आणि म्हणणार, ठीक आहे. आज मुंग्या होत्या. उद्या आत एखादी तार सुटली तर मुंग्या राहणार नव्हत्या.

सकाळी कार्यालयात गेल्या गेल्या मी त्या मॉडेलची फाइल मागवली. चुकले असेन तर माझ्या चुकीवर माझा बाप रोज हात ठेवत होता. मी प्रत्येक पान पहिल्यांदा आल्यासारखं वाचलं. पट्टी जुळत होती. नकाशा जुळत होता. अर्थिंगचा स्क्रू स्वतंत्र, शेजारी ती खूण, उभी रेघ आणि तीन आडव्या. स्क्रूपासून पेटीच्या अंगापर्यंतची जोडणी मोजलेली, आकडे ठीक. माहितीपुस्तिकेत ठळक अक्षरांत सूचना: अर्थिंग तपासल्याशिवाय वापरू नये. कुठेही खडा नव्हता. माझा जीव भांड्यात पडला, आणि पडल्याबरोबर मला स्वतःची लाज वाटली. घरी बापाच्या जिवाशी खेळ चालला आहे आणि ही बाई आपला शेरा बिनचूक निघाला म्हणून सुस्कारा सोडते आहे. साहेब माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "काय, चाळणीलाच भोक पडलं की काय?" मी त्यांना मुंग्यांचं सांगितलं, आप्पांचं नाही. ते खुर्ची ओढून बसले. थट्टा सोडून बोलले की बरे बोलतात. "अहो, आपल्याकडे येतो तो नमुना. स्क्रूपर्यंत आपण बघतो. स्क्रूच्या पुढे ती तार भिंतीत जाते, मग कुठे जाते ते बसवणाऱ्याला ठाऊक. आज लवकर निघा. एखादा चांगला वायरमन बोलवा." मग जाताजाता म्हणाले, "आणि वडील आहेत ना तुमच्याकडे? जुने कारागीर. त्यांना उभं करा बाजूला." मी मान हलवली.

वायरमन आला तेव्हा ऊन अजून कंपाउंडच्या भिंतीवर होतं. हसतमुख, कानावर पेन्सिल, बोलताना हात थांबत नसे. चार्जिंग बंद होतं म्हणून मास्तर आले, नर्सबाई आल्या, आणि आप्पा तर होतेच, इस्त्रीचा शर्ट घालून, टेस्टर खिशात. वायरमनने मीटर लावला, भुवया उंचावल्या, भिंतीतून जाणारी हिरवी तार बोटाने चाचपत मागच्या बोळात गेला आणि तिथून हाक मारली, "या, बघा गंमत." जुन्या लोखंडी नळाला एक पट्टा आवळून तार बांधलेली होती. बांधणी चांगली होती. पण नळ जमिनीच्या वर वीतभर कापलेला, आणि तिथून खाली पांढरा प्लॅस्टिकचा नळ. मध्यंतरी पाणी गळत होतं म्हणून प्लंबरने बदलला होता. त्याने त्याचं काम चोख केलं होतं. अशा पेटीच्या अंगावर थोडी वीज उतरतेच; ती या तारेतून येत होती, प्लॅस्टिकपाशी अडत होती आणि परत पेटीत जाऊन बसत होती. कोणाचंच काही चुकलं नव्हतं, आणि तरी आठवड्यांमागून आठवडे ते तसं चाललं होतं. वायरमन म्हणाला, जमिनीत नवी सळई ठोकतो, दुसरा इलाज नाही. मग हात पुसता पुसता, अगदी सहज, त्याने विचारलं, "पण काय हो, इतके दिवस कोणाला कळलं कसं नाही? हात लावला की झिणझिणत असणार. रोज प्लग कोण लावतं?"

सगळे आप्पांकडे वळले. त्यात वाईट कोणाच्याच मनात नव्हतं. रोज तेच लावतात, म्हणून वळले. आप्पांचा उजवा हात मांडीजवळ होता, तो त्यांनी हळूच पाठीमागे नेला. शाळेत छडी खायच्या आधी मुलं नेतात तसा. मी माझ्या बापाला कोणासमोर हात लपवताना कधी पाहिलं नव्हतं. "मी लावते," मी म्हणाले. माझा आवाज जरा मोठाच निघाला. "म्हणजे इतर गाड्या आप्पा लावतात, पण हात लावून बघायचं काम मी माझ्याकडे घेतलंय. माझं खातंच आहे ना ते. मलाच कळलं नाही. रबरी चपला असतात पायात." मास्तरांनी भुवया वर केल्या. त्यांनी आप्पांना रोज हात लावताना पाहिलेलं होतं, पण ते मास्तर होते, कुठे बोलू नये हे त्यांना कळतं. वायरमन मात्र खुश झाला. "मॅडम, म्हणजे तुम्हीच ते कागद तपासणाऱ्या? मग काय, कागदाला कुठे झिणझिणतं!" सगळे हसले. मीही हसले. माझे कान तापले होते. चाळणी म्हणवून घेण्यात मला किती मोठेपणा वाटत होता ते त्या हसण्यात मला कळलं, आणि तो मोठेपणा असा एका वाक्यात देऊन टाकता आला याचं बरंही वाटलं. आप्पा हसले नाहीत. ते नळाच्या कापलेल्या तोंडाकडे बघत होते.

सळई ठोकायचं काम चालू असताना आम्ही दोघं वर आलो. आप्पा खिडकीतल्या खुर्चीवर बसले, त्याच खुर्चीवर, आणि बराच वेळ खालचे घणाचे ठोके ऐकत राहिले. मग म्हणाले, "खोटं बोलायला तुला कोणी शिकवलं?"

"धंदाच आहे माझा," मी म्हणाले.

"मला कळत नाही आता," ते म्हणाले. इतक्या साध्या आवाजात, की मला आधी वाटलं विजेविषयीच काही विचारताहेत. त्यांनी हात समोर धरला, उलटसुलट करून पाहिला. "आधी शेंडे गेले. मग पेरं. बरेच दिवस झाले. डॉक्टर पायाला टोचतो, हाताचं तो विचारत नाही, मी सांगत नाही."

मला राग आला. इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं रागाच्या वाटेने वर आलं. "मग लावत कशाला होतात हात? रोज? अनवाणी? कळतच नाही तर लावून उपयोग काय?"

"मी नाही लावला तर पहिला हात कोणाचा लागणार? तुझा."

"अहो पण तुम्हाला कळणारच नव्हतं!"

"मला नसतं कळलं," आप्पा म्हणाले, आणि जरासे हसले, मी मूर्खासारखं काही विचारावं आणि त्यांनी सोपं करून सांगावं तसे. "पण जोरात असती तर पडलो असतो की. ते तुला दिसलं असतं."

खाली घण थांबला होता. मी त्यांच्यासमोर फरशीवर बसले आणि त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. दाबला. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, मी किती जोरात दाबते आहे ते त्यावरून त्यांनी ओळखलं असणार. त्यांनी कधी मला माझ्यावर माया आहे असं म्हटलेलं नाही. आमच्या घरात तसं बोलायची रीत नव्हती. मला फार रडू आलं आणि या वेळी कारण सांगायची गरज नव्हती. "आता ताप कसा बघणार माझा?" मी नाक पुसत विचारलं. "डोळे बघतो की," ते म्हणाले. "मागच्या खेपेला डोळे बघूनच सांगितलं होतं. हात नुसता ठेवला होता."

खालून वायरमनची हाक आली. आप्पा उठले नाहीत. "जा तू," ते म्हणाले, "सांग त्याला, बघितलं म्हणून." मी दारापाशी त्यांच्यासाठी चपला नीट लावून ठेवल्या, रबरी, माझ्या जुन्या जोडीतल्या, आणि वाट बघत उभी राहिले. बऱ्याच वेळाने ते आले. चपलांकडे बघून म्हणाले, "बायकी आहेत." मी म्हटलं, "रबरी आहेत." त्यांनी पायांत घातल्या.

खाली वायरमनने मीटर लावून आकडा दाखवला. मी तो दोनदा वाचला, सवयीने. त्याने मोठा स्विच वर केला, पेटीवरचा दिवा लागला. मास्तर किल्ली हातात घेऊन उभे होते, नर्सबाई त्यांच्यामागे. कोणी पुढे झालं नाही. आप्पांनी हात लावल्याशिवाय पुढे व्हायचं नाही हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. आप्पांचा हात सवयीने उठला आणि मध्येच थांबला. मी पायातल्या चपला काढल्या, ओल्या फरशीवर उभी राहिले, त्यांच्या आणि पेटीच्या मधे शिरले आणि बोटांची पाठ लोखंडाला लावली. गार होतं. नुसतं गार. मी मागे वळून पाहिलं तर आप्पा पेटीकडे बघतच नव्हते. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, डोळे बारीक करून, तंद्रीत, लहानपणी माझ्या कपाळावर हात ठेवून बघायचे तसे. बोलायचं काम माझं नव्हतं.

मग आप्पांनी मास्तरांच्या हातातली किल्ली घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ठीक आहे."